दोन रोल धुवायला आले होते

१३ डिसेंबर १९३७ ला चीनमधलं नानजिंग शहर जपानी सैन्याच्या हाती पडलं. त्यानंतर काही आठवड्यांनी शहरातल्या ‘हुआदोंग’ नावाच्या छोट्या फोटो स्टुडिओत एक जपानी अधिकारी आला आणि दोन रोल धुवायला टाकून गेला. काम आलं लुओ जिन नावाच्या पोरसवदा उमेदवाराकडे. त्याने रोल धुतले, निगेटिव्ह उजेडासमोर धरली आणि हादरला. गिऱ्हाईक स्वतःच्याच सैन्याने केलेल्या कत्तलीचे फोटो छापून मागत होतं. लुओने गिऱ्हाइकाचं काम चोख केलं. फक्त काही प्रती जास्तीच्या काढल्या.

असले फोटो शत्रूच्या दुकानात द्यायचा बावळटपणा त्या अधिकाऱ्याने का केला? कारण त्याच्याकडे कॅमेरा होता, डार्करूम नव्हती.

शटर उघडतं तेव्हा फिल्मवर दिसण्यासारखं काहीच घडत नाही. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. ज्या स्फटिकावर उजेड पडतो, त्यात चांदीचे मोजके अणू एका जागी जमतात, एवढंच. पण हा इवलासा ठिपका म्हणजे विरजण. रोल डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवला की त्या ठिपक्यापासून सुरुवात होऊन सबंध स्फटिकाची चांदी होते, आणि बारीक विखुरलेली चांदी डोळ्यांना काळी दिसते. उजेड न लागलेले स्फटिक हायपो नावाच्या दुसऱ्या द्रावणात विरघळून निघून जातात. हे सगळं करायला अंधारी खोली, दोन-तीन ट्रे आणि माणूस लागतो. तो माणूस प्रत्येक चित्र पाहतो. आपल्याकडेही रोल धुवायला टाकायचे दिवस होते, तेव्हा गल्लीतल्या स्टुडिओवाल्याला घराघरातली लग्नं, बारशी, सहली सगळं ठाऊक असे. व्याप्त चीनमध्येही स्टुडिओवाल्याला असंच सगळं ठाऊक होतं.

लुओने प्रती काढल्या त्याही सोप्या रीतीने. रोलफिल्मची निगेटिव्ह चांगली सहा सेंटिमीटर रुंद. ती कागदावर सरळ दाबून वरून दिवा लावला की त्याच मापाचा फोटो तयार. मोठं करायचं यंत्र नको. छपाईच्या कागदाला लाल उजेड कळत नाही, म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. गंमत अशी की त्या काळातल्या पुष्कळशा फिल्मही तांबड्या रंगाला आंधळ्याच होत्या. त्यामुळे अशा फिल्मवरून छापलेल्या फोटोत जपानी झेंड्याचा लाल सूर्य काळाकुट्ट उमटतो. फोटोला रंग भरणारे हौशी लोक इथे हमखास फसतात.

लुओने त्यातले १६ फोटो एका छोट्या अल्बममध्ये चिकटवले. मुखपृष्ठावर रक्त ठिबकणारं हृदय, त्यात सुरा, आणि शेजारी चिनी अक्षर : ‘लाज’. पुढे हा अल्बम त्याने एका शौचालयाच्या भिंतीत लपवला. तिथून तो वू शुआन नावाच्या दुसऱ्या तरुणाच्या हाती लागला, आणि त्याने युद्ध संपेपर्यंत सांभाळला. जपानी सेनापती तानी हिसाओवर नानजिंगमध्ये युद्धगुन्ह्यांचा खटला चालला तेव्हा हाच अल्बम पहिल्या क्रमांकाचा पुरावा ठरला. तानीला एप्रिल १९४७ मध्ये मृत्युदंड दिला गेला.

हीच अडचण दुसऱ्या बाजूलाही होती. जॉन मॅगी या अमेरिकी मिशनऱ्याने नानजिंगच्या इस्पितळातले जखमी १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात टिपले. फिल्मचे आठ रोल जॉर्ज फिच या दुसऱ्या अमेरिकी माणसाने ओव्हरकोटच्या अस्तरात शिवले आणि १९३८ च्या सुरुवातीला जपानी सैनिकांनी खचाखच भरलेल्या आगगाडीत, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून शांघाय गाठलं. तिथल्या कोडॅकच्या कार्यालयात ते धुतले गेले. एक गोष्ट बरी होती : १६ मिलिमीटरची फिल्म घरगुती वापरासाठी असल्याने ॲसिटेटची बनत असे. सिनेमागृहातली ३५ मिलिमीटरची फिल्म तेव्हा नायट्रेटची, म्हणजे जवळपास स्फोटकाच्या जातीची. एका ठिणगीने अंगावरच पेटली असती.

जपानी वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांची गोष्ट वेगळी. त्यांच्या फोटोंवर सैन्याच्या सेन्सॉरचा शिक्का बसे. मायनिची वृत्तपत्राच्या ओसाका कार्यालयाने ‘परवानगी नाही’ असे शिक्के बसलेले फोटो जपून ठेवले. युद्धानंतर ते प्रसिद्ध झाले. त्यावरून सेन्सॉरला काय खुपत होतं ते नेमकं कळतं. एवढा उपयोगी पुरावा सेन्सॉरनेच आपल्या हाताने तयार करून दिला, असं म्हणायला हरकत नाही.

चिनी प्रतिकाराच्या बाजूने शा फेई हा छायाचित्रकार होता. तो उत्तर चीनमधल्या ‘जिन-चा-जी’ या सीमाभागात काम करत असे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भागात जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले, तोच हा भाग. तिथल्या डोंगरातल्या गावांत स्टुडिओ कुठला असणार? धुलाई-छपाई सगळी आपली आपणच, आणि निगेटिव्ह अंगावर बाळगायच्या.

आता थोडं कडू. फोटोतली चांदी स्थळ सांगत नाही, तारीखही सांगत नाही. ती माहिती खालच्या ओळीत असते, आणि ओळ कुणीही लिहू शकतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका दुकानदाराने नानजिंगचे न पाहिलेले फोटो सापडल्याचा गाजावाजा केला. अभ्यासकांनी पाहिलं, तर ते नानजिंगचे नव्हतेच. काही तर त्या काळी आठवण म्हणून विकले जाणारे छापील फोटो होते. अशी एखादी चूक सापडली की कत्तल झालीच नाही म्हणणाऱ्यांचं फावतं. खरं तर त्या घटनेचा पुरावा फोटोंपुरता कधीच नव्हता. रोजनिशा, दफनाच्या नोंदी, खटल्यांतल्या साक्षी आहेतच.

म्हणून तपासणारे आधी फोटोत ऋतू शोधतात. डिसेंबरातलं नानजिंग थंडीने काकडतं. सैनिक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात दिसला तर ओळीवर संशय घ्यावा. मग कागद. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात चमक आणणारी रसायनं घालू लागले, कपड्यांच्या साबणात असतात तसली. अतिनील दिव्याखाली कागद निळसर झळकला, तर ती प्रत १९३८ मध्ये काढलेली नाही हे पक्कं. कडांना आरशासारखी निळसर झाक असेल तर ती वयाची खूण : चांदी हळूहळू सुटी होऊन पृष्ठभागावर येते आणि तिथे पुन्हा जमते.

ॲसिटेटच्या जुन्या फिल्मला मात्र वेगळंच दुखणं लागतं. ती विघटित होते तेव्हा तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, तेच व्हिनेगरमधलं. त्यामुळे अभिलेखागारात अशा फिल्मचा डबा उघडला की आधी नाक पुढे करतात, मग डोळे.