जोखीम मूल्यमापन, सुरक्षित मनोरुग्णालयांतील

मनोविकार आणि गंभीर गुन्हा या दोहोंमुळे बंदोबस्ताच्या रुग्णालयात ठेवलेल्या रुग्णाकडून स्वतःला वा इतरांना इजा होण्याची शक्यता किती, कोणत्या परिस्थितीत आणि किती काळात, याचा पद्धतशीर अंदाज. आवारात एकट्याने फिरण्याची मुभा, सौम्य बंदोबस्ताच्या कक्षात बदली, रजा आणि सुटका हे निर्णय त्याच्या आधारे होतात.

इंग्लंडमधील ब्रॉडमूर रुग्णालय १८६३ मध्ये सुरू झाले. अशा संस्थांत दीर्घकाळ डॉक्टरांचे वैयक्तिक मतच प्रमाण होते. आधुनिक मूल्यमापनाचा आरंभ १९९० च्या दशकातील कॅनडातील साधनांपासून धरता येईल. तथापि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये दिलेल्या बॅक्स्ट्रॉम निकालापासून तो धरणे अधिक सयुक्तिक दिसते. या निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातील साडेनऊशेहून अधिक ‘धोकादायक’ रुग्ण साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. हेन्री स्टेडमन व जोसेफ कोकोझा या संशोधकांनी त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा बहुतेकांकडून हिंसा घडलीच नाही असे आढळले. उलट चूक ब्रॉडमूरमध्ये झाली, म्हणजे धोकादायक रुग्णालाच निर्धोक ठरवले गेले. तेथील रुग्ण ग्रॅहम यंग याला १९७१ मध्ये सोडले आणि त्याने नोकरीच्या ठिकाणी सहकाऱ्यांवर विषप्रयोग केला. त्यात दोघे दगावले. त्यानंतर नेमलेल्या बटलर समितीने प्रादेशिक सुरक्षित कक्षांची शिफारस केली. हिंसेची तीनपैकी फार तर एक भाकिते खरी ठरतात, असा निष्कर्ष अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन मोनॅहन यांनी १९८१ मध्ये मांडला.

पुढे दोन पंथ झाले. कॅनडातील पेनेटँग्विशीन येथील रुग्णांच्या नोंदींवरून १९९३ मध्ये बारा घटकांचे ‘व्हीरॅग’ हे सांख्यिकीय साधन तयार झाले. त्यातील बहुतेक घटक भूतकाळातील असल्याने उपचारांनी सुधारलेल्या रुग्णाचाही आकडा फारसा हलत नाही. शिवाय स्किझोफ्रेनियाच्या निदानाने त्यात गुण कमी होतात. कारण तुलना त्याच संस्थेतील अन्य गुन्हेगार रुग्णांशी आहे, सर्वसामान्य लोकांशी नव्हे. दुसऱ्या पंथातील ‘एचसीआर–२०’ या वीस घटकांच्या साधनात (१९९५, तिसरी आवृत्ती २०१३) दहा घटक पूर्वेतिहासाचे, पाच सद्यःस्थितीचे व पाच पुढील व्यवस्थापनाचे आहेत. प्रत्यक्ष उपचारांत यातील बेरजेवर निर्णय सोपवत नाहीत; घटक तपासून तज्ज्ञ अंतिम मत देतो. उपचाराला दिशा देण्याच्या दृष्टीने ही पद्धत अधिक उपयुक्त मानावी लागते.

दोन्ही पंथांपुढील मूळ अडचण गणिती आहे. शंभर रुग्णांपैकी पाच जण हिंसा करणार आहेत आणि साधन हिंसा करणारे व न करणारे अशा दोन्ही गटांतील ऐंशी टक्के लोकांना अचूक ओळखते असे धरले, तर ते तेवीस जणांना धोकादायक ठरवते. त्यांपैकी एकोणीस जण विनाकारण अडकतात.

तासा-दिवसांच्या अंदाजासाठी निराळी साधने आहेत. मेलबर्नच्या थॉमस एम्बलिंग रुग्णालयात विकसित झालेल्या ‘डासा’मध्ये परिचारिका मागील चोवीस तासांतील सात बाबींना शून्य किंवा एक गुण देते : चिडचिड, उतावीळपणा, सूचना न मानणे, मागणी नाकारताच भडकणे, शाब्दिक धमकी इत्यादी. गुण वाढले की रुग्णाशी बोलणे, गोंगाट कमी करणे, औषध देऊ करणे हे उपाय आधी योजायचे. एकांत कोठडी अगदी शेवटी. स्वित्झर्लंडमधील यादृच्छिक चाचणीत (२००८) अशाच अल्पकालीन अंदाजाच्या, नॉर्वेच्या ‘ब्रोसेट’ सूचीच्या वापराने गंभीर आक्रमक घटना सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्या. मात्र ती चाचणी बंदोबस्ताच्या रुग्णालयांत नव्हे, तर सामान्य मनोरुग्णालयांतील तीव्र-उपचार कक्षांत झाली होती.

भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३८ मध्ये, सोडल्यास स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा धोका नाही, अशा प्रमाणपत्राची तरतूद होती. तो धोका कसा मोजावा, याची पद्धत कलमात दिलेली नव्हती.