रेसर्पीन : मानसोपचारातील संशोधन

सर्पगंधा (रॉवुल्फिया सर्पेंटिना, कुल ॲपोसायनेसी) या क्षुपाच्या मुळापासून मिळणारे अल्कलॉइड (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्य). रक्तदाबावरील औषध म्हणून ते सुपरिचित आहे. प्रस्तुत नोंद मनोविकार व मज्जासंस्थेच्या विकारांवरील संशोधनापुरती मर्यादित आहे.

मुळाच्या वापराचा आरंभ वादग्रस्त आहे. चरकसंहितेत विषचिकित्सेच्या संदर्भात सर्पगंधेचे नाव येते. ती वनस्पती हीच काय, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादग्रंथात सर्पदंशावर चालणारे ‘सापाचे लाकूड’ वर्णिले आहे. त्यातला एक प्रकार सर्पगंधेचा असावा, असे काहींचे मत आहे. मात्र कुचल्याच्या प्रजातीतील वनस्पतींनाही हे नाव लावले जाई, म्हणून ही ओळख संभाव्य मानणेच इष्ट. दोन्ही ग्रंथांत भर विषावर आहे, उन्मादावर नाही. वेडावरील वापराचा अधिक भरवशाचा धागा बिहारकडे जातो. तेथे हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणून विकले जाई.

आधुनिक संशोधनाचा प्रारंभ साधारणतः १९३१ पासून धरतात. त्या वर्षी कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर मुळाची पूड उपयोगी पडल्याचे प्रसिद्ध केले. त्यांची मात्रा दिवसातून दोनदा २० ते ३० ग्रेन, म्हणजे सुमारे १·३ ते २ ग्रॅम होती. दिल्लीत सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी त्याच सुमारास अजमलीन इ. अल्कलॉइडे वेगळी केली. मुंबईच्या रुस्तुम जाल वकील यांचा १९४९ मधील ५० रुग्णांवरील अहवाल रक्तदाबाचा होता. पण पश्चिमेचे लक्ष या मुळाकडे वळले ते मुख्यतः त्यामुळेच. १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीत म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी रेसर्पीन मिळवले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयातील मनोरुग्णांवरील निष्कर्ष मांडले. क्लाइन व वकील दोघांनाही १९५७ चे लास्कर पारितोषिक (अमेरिकेतील वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार) मिळाले. मनोविकारांवरील दुसरे औषध क्लोरप्रोमाझीन अधिक जलद व निश्चित परिणाम करी, त्यामुळे मानसोपचारात रेसर्पीन लवकरच मागे पडले.

औषध मागे पडले तरी प्रयोगशाळेत त्याचे महत्त्व वाढत गेले. चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांत (पिशव्यांत) मोनोअमाइने (सेरोटोनिन, डोपामीन यांसारखी चेतासंदेश वाहणारी रसायने) साठवणारी यंत्रणा रेसर्पीन बंद पाडते. बाहेर राहिलेली अमाइने विकराकरवी (एंझाइमाकरवी) नष्ट होतात. त्यामुळे मेंदूतील सेरोटोनिन घटते, हे ब्रॉडी व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखविले. आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनाने निश्चल झालेले प्राणी डोपा (ज्यापासून शरीरात डोपामीन बनते ते द्रव्य) टोचताच पुन्हा हालचाल करू लागल्याचे नोंदले. पार्किन्सन रोगावरील लेव्होडोपा (डोपाचेच एक रूप) उपचाराला या प्रयोगातून दिशा मिळाली. कार्लसन २००० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

रेसर्पिनामुळे नैराश्य येते, हे विधान पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ निःशंकपणे दिले जाई व नैराश्याच्या अमाइन-सिद्धांताला (मेंदूतील अमाइने घटल्याने नैराश्य येते या मताला) त्याचा आधार घेतला जाई. त्यामागील पुरावा बव्हंशी रक्तदाबाच्या रुग्णांच्या नियंत्रणगटाविना केलेल्या निरीक्षणांचा होता. सुस्ती व खरे नैराश्य त्यांत वेगळे केलेले नसे. उलट, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस व शेफर्ड यांच्या १९५५ मधील नियंत्रित चाचणीत चिंताग्रस्त व निराश रुग्णांना या औषधाने लाभच झाला. ही चाचणी पुढे दुर्लक्षित राहिली. अलीकडील फेरतपासणीचा कल जुने विधान सैल करण्याकडे आहे व तो अधिक ग्राह्य वाटतो.

पुटिकांच्या त्याच यंत्रणेवर, पण अल्पकाळ व परत फिरवता येईल असा परिणाम करणारे टेट्राबेनाझीन हे औषध हंटिंग्टन रोगातील (मेंदूच्या एका आनुवंशिक विकारातील) अनैच्छिक हालचालींवर वापरतात. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली.