विनापरवाना घरदुरुस्ती (पुणे)

घरमालकाने महापालिकेकडे अर्ज न करता आपल्याच घरात केलेली किंवा करून घेतलेली डागडुजी आणि छोटे फेरबदल. रंग, फरशी, नळ ही नेहमीची कामं यात येतात हे सगळ्यांना माहितीच असतं, भांडण होतं ते भिंत, बाल्कनी, टेरेस आणि वायरिंगवरून. आपल्याकडचे कायदे सहसा काम कोणाच्या हाताने झालं हे विचारतच नाहीत, मालकाने स्वतः थापी धरली काय किंवा गवंडी लावला काय, प्रश्न एवढाच की हात कुठल्या भिंतीला लागला. विजेचं मात्र उलटं आहे, तिथे हातच बघितला जातो.

परवानगी न लागणाऱ्या दुरुस्तीसाठी कायद्यातला जुना शब्द 'टेनंटेबल रिपेअर्स'. ऐकायला पालिकेचा वाटतो, पण त्याचं मूळ बहुधा इंग्लंडातल्या भाडेकरारांत असावं. १८९० च्या प्राउडफूट विरुद्ध हार्ट खटल्यात तिथल्या कोर्टाने याचा अर्थ लावला तो साधारण असा, की घराचं वय, प्रकार आणि वस्ती बघता तिथे येऊ शकणाऱ्या समजूतदार भाडेकरूला राहण्यालायक ठेवणारी दुरुस्ती. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३४२ मध्ये हाच शब्द आहे आणि त्याला नंतर जोडलेल्या स्पष्टीकरणात चक्क यादी दिलीय: गनायटिंग (सिमेंटचा दाबाने मारलेला थर), प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ आणि विजेची फिटिंग बदलणं, छप्पर त्याच मटेरियलने पुन्हा घालणं. लांबी-रुंदी-उंची बदलणं, लोड बेअरिंग (वरचं वजन पेलणारी) भिंत किंवा कॉलम-बीम काढणं, पोटमाळा टाकणं किंवा वाढवणं, उतरतं छप्पर सपाट करणं हे यात बसत नाही. आता गंमत अशी की हे कलम मुंबईचं, पुण्याला ते लागूच नाही. इथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चालतो, त्यात नव्या बांधकामाला कलम २५३ आणि वाढीव बांधकाम-फेरबदलांना २५४. तरी पुण्यात बरेच जण मुंबईचीच यादी दाखवतात. मार्गदर्शक म्हणून ती ठीक आहे, आधार म्हणून नाही.

पुण्यात खरा आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४३. त्यात फक्त घराच्या आतल्या भागापुरती, किंवा बाहेरच्या रूपात फारसा फरक न पाडणारी देखभाल-सुधारणा परवानगीतून वगळलीय. मधला 'किंवा' शब्दशः घेतला तर आतली कुठलीही भिंत पाडायला मोकळीक आहे असं वाटेल आणि असा अर्थ काढणारे भेटतातही, पण इमारतीच्या मजबुतीचे नियम वेगळे लागतात त्यामुळे तो अर्थ टिकण्यासारखा नाही. विनापरवाना विकासकामाला कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, पाडण्याची नोटीस कलम ५३ ची.

नॅशनल बिल्डिंग कोडची (पहिली आवृत्ती १९७०, पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारणा) सूट जास्त ढोबळ आहे, त्यात खिडकी-दार उघडणं-बुजवणं, पार्टिशन, फॉल्स सीलिंग, प्लास्टर, फरशी एवढं सगळं येतं. पण कोड सल्ल्यापुरता, स्थानिक नियमाच्या वर नाही. तो स्थानिक नियम म्हणजे डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. तिच्यात खिडकीच्या सेफ्टी ग्रिलला परवानगी लागत नाही, टेरेसवरच्या सोलर पॅनलचा तळ १.८ मीटर उंचीपर्यंत असेल तर त्यालाही नाही, फक्त परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मजबुतीची खात्री करून घ्यायची. याच नियमावलीत पी-लाइन (मजल्याच्या बाहेरच्या कडेची रेषा) आली आणि तिच्या आतली बाल्कनीही एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात) धरली जाऊ लागली. जुन्या बिल्डिंगमधली बाल्कनी मात्र त्या काळच्या मंजूर नकाशात जशी असेल तशी, ती काचा लावून हॉलमध्ये घेणं म्हणजे इंटिरियर नव्हे. टेरेसवरच्या पत्र्याच्या शेडचंही तेच, पावसाळ्यापुरती म्हणून उभी राहते आणि मग दिवाळीतही तिथेच असते.

वीज: १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम ४५ हा या सगळ्यात सगळ्यात स्पष्ट मजकूर म्हणायला हवा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलणं, तेही मांडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता, एवढंच कोणालाही करता येतं. बाकी काम राज्य सरकारचं लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं. पुढे या नियमांच्या जागी आलेल्या २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत हीच भाषा आली, फक्त उपकरणांची २५० व्होल्टची मर्यादा आकड्यात लिहिली; २०२३ मध्ये त्यांचीही जागा नव्या सुरक्षा नियमांनी घेतली. म्हणजे जुना स्विच काढून नवा लावणं चालतं, पण एसीसाठी नवी लाइन ओढणं चालत नाही, भले यूट्यूबवर कितीही सोपं दाखवलेलं असो. पाइप गॅसची लाइनही मालकाने हलवायची नसते, कंपनीला कळवायचं.

सोसायटी असेल तर कमिटीची लेखी परवानगी वेगळी, ती पालिकेच्या जागी चालत नाही आणि पालिकेची तिच्या जागी चालत नाही. आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, पावसाची गळती, टेरेस, कॉमन पाइपलाइन सोसायटीच्या खर्चाने आणि घराच्या आतलं सभासदाच्या. अपार्टमेंट असेल (म्हणजे सोसायटीऐवजी फ्लॅटमालकांची असोसिएशन, पुण्यात अशा बिल्डिंगा बऱ्याच) तर १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याप्रमाणे इमारतीच्या सुरक्षेला धक्का देणाऱ्या कामाला बाकी सगळ्या मालकांची एकमुखी संमती लागते. बहुमत नाही, एकमत.

पेठांमधल्या वाड्यांचा प्रश्न भाडेकरूंमुळे निराळा होतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लाकडी पार्टिशन, ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी यांना कायदा पक्कं बांधकाम मानत नाही, जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी घेतलेली असली म्हणजे झालं. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही केंद्र संरक्षित स्मारकं, त्यांच्यापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र (१९५८ चा कायदा, २०१० ची दुरुस्ती). १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, राहत्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणालाही आधी परवानगी. त्यामुळे शनिवारवाड्याजवळच्या कसब्यातल्या एखाद्या घराच्या छपराला जे लागतं ते कोथरूडच्या फ्लॅटला लागत नाही.

पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटला २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा. राडारोडा कुठेही असला तरी निर्माण करणाऱ्याची जबाबदारी, मुठेच्या पात्रात टाकायचा नाही.