कार्बन डाय-ऑक्साइडचे सूक्ष्मजैविक रूपांतरण

जनुकीय फेरबदल केलेल्या सूक्ष्मजीवांकडून कार्बन डाय-ऑक्साइडपासून अल्कोहॉल, अ‍ॅसिटोन, जैवप्लॅस्टिक इत्यादी पदार्थ तयार करून घेण्याची पद्धती. या वायूत वापरता येईल अशी ऊर्जा नसल्याने ती प्रकाश, हायड्रोजन किंवा फॉर्मिक अम्ल यांच्या रूपाने वेगळी पुरवावी लागते.

पद्धतीचा आरंभ कोणता मानावा, याविषयी एकमत नाही. हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइडपासून अ‍ॅसिटिक अम्ल बनविणारा क्लॉस्ट्रिडियम अ‍ॅसेटिकम हा जीवाणू संशोधक विरिंगा यांनी १९३६ मध्ये नोंदविला, म्हणून काहीजण तेथूनच इतिहास सुरू करतात. मात्र तो नैसर्गिक जीवाणू होता. हेतुपुरस्सर जनुकीय बदल हा निकष लावल्यास १९९९ मधील संशोधक डेंग व कोलमन यांचे काम आरंभाचे ठरते. त्यांनी झायमोमोनास मोबिलिस या जीवाणूची दोन जनुके सायनोबॅक्टेरियात (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूत) घालून एथेनॉल मिळविले. प्रस्तुत नोंदीत हाच निकष अधिक ग्राह्य धरला आहे.

अ‍ॅसिटोजेन (अ‍ॅसिटिक अम्ल बनविणाऱ्या) गटातील जीवाणू वुड-युंगडाल मार्ग या अभिक्रियांच्या साखळीने कार्बन डाय-ऑक्साइडच्या दोन रेणूंपासून अ‍ॅसिटिल-कोएंझाइम-ए हा मध्यस्थ रेणू बनवितात. या मार्गात सुरुवातीला एटीपीचा (पेशीतील ऊर्जावाहक रेणूचा) एक रेणू खर्च होतो आणि शेवटी अ‍ॅसिटेट (अ‍ॅसिटिक अम्लाचे आयनरूप) तयार होताना तेवढाच परत मिळतो; वाढीसाठी लागणारी शिल्लक पेशीपटलाच्या दोन बाजूंमधील आयनांच्या फरकातूनच निघते. त्यामुळे अ‍ॅसिटेटऐवजी अधिक गुंतागुंतीचा रेणू हवा असल्यास पेशीची ऊर्जा तोकडी पडू लागते. तरीही क्लॉस्ट्रिडियम ऑटोएथॅनोजेनममध्ये फेरबदल करून औद्योगिक टाकाऊ वायूंपासून अ‍ॅसिटोन व आयसोप्रोपॅनॉल मिळविल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्पादनाचा वेग ताशी लिटरमागे सुमारे ३ ग्रॅमपर्यंत होता.

इस्राएलमधील वाइझमान संस्थेच्या गटाने २०१९ मध्ये एश्चेरिकिया कोलाय या एरवी साखरेवर जगणाऱ्या जीवाणूत रुबिस्को (कार्बन डाय-ऑक्साइड बांधून घेणारे एंझाइम) व अन्य काही एंझाइमांची जनुके घातली आणि प्रयोगशाळेत दीर्घकाळ निवड करून त्याला सर्व कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडमधून घ्यावयास लावले. या वाणाची संख्या दुप्पट होण्यास सुमारे १८ तास लागत. ऊर्जेसाठी फॉर्मेट (फॉर्मिक अम्लाचे आयनरूप) जाळताना तो जितका कार्बन डाय-ऑक्साइड शोषी त्याहून अधिक बाहेर टाकी, हे मात्र या प्रयोगाची प्रशंसा करताना अनेकदा वगळले जाते.

व्यापारी पातळीवर चीनमध्ये २०१८ पासून पोलाद कारखान्याच्या वायूपासून एथेनॉल बनविले जाते. तेथील मुख्य कच्चा माल कार्बन मोनॉक्साइड असल्याने ते उदाहरण या पद्धतीत काटेकोरपणे बसत नाही. हायड्रोजन वापरणाऱ्या संयंत्रांपुढील मोठी अडचण म्हणजे तो वायू पाण्यात अत्यल्प विरघळतो, त्यामुळे किण्वनपात्रात त्याचे बारीक बुडबुडे सतत घुसळत ठेवावे लागतात.