मागणी हलवणे म्हणजे भारनियमन नव्हे

वीज कमी पडली की नवे केंद्र चालू करा, नाहीतर लोकांची वीज तोडा, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, मागणी आणि निर्मितीचा क्षणोक्षणी मेळ हवा असतो. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, ५० हर्ट्झच्या (काही देशांत ६०) खाली घसरते. हा मेळ मागणीच्या बाजूनेही साधता येतो. शीतगृहातला थंडावा, गीझरमधले गरम पाणी काही काळ टिकते. वाहनाचे चार्जिंगही थांबू शकते. ग्राहकाची संमती घेऊन, मोबदला देऊन असे भार, म्हणजे वीज घेणारी उपकरणे, थोडा वेळ बंद ठेवतात. दुपारी सौरवीज जास्त झाली तर तेच भार मुद्दाम चालू करतात. भारनियमनात असं कधी ऐकलंय? मात्र दिवसभराचा तुटवडा याने भरून निघत नाही. थांबवलेला गीझर नंतर वीज घेतोच.