कुक्कुटपालन, परसातील

घराच्या आवारात, मुख्यतः अंड्यांसाठी, कोंबड्यांचा लहान कळप बाळगण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत प्रथमच पाळणाऱ्यास झेपेल असा ४ ते ६ माद्यांचा कळप गृहीत धरला आहे. कोंबडी कळपाने राहणारी असल्याने तीनपेक्षा कमी पक्षी ठेवू नयेत. नर नसला तरी माद्या अंडी देतात. ती फक्त उबत नाहीत.

उगम : तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा पाळीव कोंबडीचा पूर्वज होय, हे चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये सविस्तर मांडलेले मत मुख्यत्वे टिकून आहे. मात्र तो एकमेव पूर्वज होय, हा त्यातील भाग आता मान्य होत नाही. अनेक जातींच्या कातडीस व पायांस पिवळा रंग देणारे जनुक तांबड्या रानकोंबड्यातले नसून दक्षिण भारतातील राखी रानकोंबड्याकडून (गॅलस सोनेराटी) संकराने आले असावे, असे २००८ मध्ये दाखविण्यात आले.

स्थळ व काळ यांविषयी अधिक मतभेद आहेत. मोहेंजोदडो येथील हाडांवरून सिंधू खोऱ्यास अग्रमान देण्याची पद्धत दीर्घकाळ होती. १९८८ मध्ये उत्तर चीनमधील त्सशान येथील हाडांच्या आधारे हा काळ सु. ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेण्यात आला. पुढे यांतील बरीच हाडे फेझंट पक्ष्यांची असावीत, असा आक्षेप आला आणि तो सबळ आहे. तेथील तत्कालीन हवामानही रानकोंबड्यास मानवणारे नव्हते. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तीनुसार पाळीव कोंबडीचे सर्वांत जवळचे नाते नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील, तांबड्या रानकोंबड्याच्या स्पॅडिसियस या उपजातीशी आहे. हे वंश परस्परांपासून सु. ९,५०० वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असा त्यातील अंदाज असून त्यात तीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर दोन्ही बाजूंस संभवते. याउलट २०२२ मध्ये सहाशेहून अधिक स्थळांवरील हाडांची फेरतपासणी झाली, तेव्हा निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वट येथील (सु. इ. स. पू. १६५० ते १२५०) ठरली. भात व भरडधान्ये यांची शेती सुरू झाल्यावर सांडलेल्या व साठविलेल्या दाण्यांकडे रानकोंबडे ओढले गेले, असे या अभ्यासाचे प्रतिपादन आहे.

ही दोन अनुमाने दिसतात तेवढी परस्परविरोधी नाहीत. जनुकांवरून वंश केव्हा वेगळे झाले ते कळते, पक्षी माणसाच्या दाराशी केव्हा आला ते नव्हे. त्यामुळे स्थळासाठी जनुकीय पुरावा व काळासाठी हाडांचा पुरावा ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पालनाच्या दृष्टीनेही उगमास महत्त्व आहे. रानकोंबडा रात्री झाडावर बसतो, दिवसभर पाचोळा उकरतो, धुळीत लोळून अंगावरचे कीटक घालवितो आणि आडोशाला अंडी घालतो. यांतील एकही सवय पाळीव कोंबडीतून गेलेली नाही. खुराड्यातील बहुतेक दोष यांपैकी एखाद्या सवयीची सोय न केल्याने उद्भवतात.

खुराडे : आत प्रत्येक पक्ष्यामागे किमान ०.३५ ते ०.४ चौ. मी. व बाहेरच्या आवारात सु. १ चौ. मी. जागा हवी. बसण्याची दांडी ४ ते ५ सेंमी. रुंद, कडा गोलसर केलेली असावी व दर पक्ष्यास २० ते २५ सेंमी. लांबी मिळावी. अंड्यांची पेटी (सु. ३० × ३० × ३५ सेंमी.) चार-पाच माद्यांत एक पुरते, मात्र ती दांडीपेक्षा खाली हवी. कोंबड्या झोपण्यासाठी सर्वांत उंच जागा निवडतात. पेटी उंच असल्यास त्या तिच्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात.

वायुवीजन हा सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग होय. थंडीच्या भीतीने खुराडे बंदिस्त केले, की श्वासातील व विष्ठेतील ओलावा आतच राहतो आणि अमोनिया साचतो. हवेतील त्याचे प्रमाण दशलक्षात २५ भागांपलीकडे गेल्यास डोळे व श्वासनलिका यांस इजा होते. पूर्ण वाढलेल्या पिसांची कोरडी कोंबडी थंडी चांगली सोसते, ओली कोंबडी सोसत नाही. म्हणून झरोके दांडीच्या वर, छताजवळ ठेवावेत. त्यामुळे झोपलेल्या पक्ष्यांवर थेट झोत येत नाही. जमिनीवर ८ ते १० सेंमी. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा (गादी पद्धत). मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा टिकून राहिला तर गादी ओली झाली असे समजून तेवढा भाग काढून टाकावा.

षट्कोनी छिद्रांची नेहमीची जाळी कोंबडीस आत ठेवते, पण कुत्र्यास किंवा मुंगसास बाहेर ठेवू शकत नाही. सु. १२ मिमी. छिद्रांची जोडकामाची (वेल्ड केलेली) जाळी वापरावी व तिची ३० सेंमी. पट्टी जमिनीखाली पुरावी किंवा बाहेरच्या बाजूस आडवी अंथरावी. कडी नुसती ढकलून उघडणारी नसावी.

पिल्ले व तलंगा : सुरुवात एक दिवसाच्या पिल्लांपासून किंवा १६ ते १८ आठवड्यांच्या तलंगांपासून (अंड्यांवर न आलेल्या तरुण माद्यांपासून) करता येते. नवशिक्यास तलंगा घेणे अधिक हितावह होय. त्यांना कृत्रिम ऊब लागत नाही आणि त्या माद्याच असल्याची खात्री असते. मिश्र पिल्लांत जवळपास निम्मे नर निघतात.

पिल्ले आणल्यास पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर ३२° ते ३५° से. तापमान ठेवावे व दर आठवड्यास सु. ३° से. कमी करत जावे. पाच-सहा आठवड्यांत पिसे भरली, की ऊब बंद करता येते. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी आहे. भिंतीला लागून चोच उघडी ठेवून धापत असतील तर उष्णता जास्त आहे. सर्वत्र विखरून दाणे टिपत असतील तर तापमान योग्य आहे. दिवा साखळीने टांगावा, वायरने नव्हे. एरवी तो भुशात पडून आग लागते. नुसत्या गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लांचे पाय फाकतात व ते कायमचे अधू होऊ शकतात, म्हणून तळ खरखरीत हवा. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, एरवी पिल्ले बुडतात. प्रवासानंतर प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवावी व मगच खाद्य द्यावे. पार्श्वद्वारावर (विष्ठा बाहेर पडण्याच्या द्वारावर) ती सुकून चिकटल्यास कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून काढावी, ओढू नये. हे द्वार बंद राहिल्यास पिल्लू दगावते.

खाद्य : पहिले आठ आठवडे सु. २० टक्के प्रथिनांचे पिल्लांचे खाद्य, त्यानंतर अंडी सुरू होईपर्यंत सु. १६ टक्क्यांचे वाढीचे खाद्य व पुढे ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असलेले अंड्यांवरील कोंबडीचे खाद्य द्यावे. उरलेले खाद्य वाया जाऊ नये म्हणून मोठ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालण्याची चूक वारंवार होते. त्यातील जादा कॅल्शियमने पिल्लांची मूत्रपिंडे निकामी होतात. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र असल्यास सर्वांना वाढीचे खाद्य व शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या मादीस गरज असते ती तो खाते. मोठी कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅ. खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. उन्हाळ्यात पाणी दुपटीपर्यंत लागते. अख्खे धान्य किंवा गवत खाणाऱ्या पक्ष्यांस बारीक खडी हवी, कारण दात नसल्याने दळण्याचे काम पेषणीत (जठराच्या स्नायुमय भागात) होते. कच्च्या सुक्या शेंगबिया (विशेषतः राजमा), हिरवा पडलेला बटाटा, चॉकलेट व ॲव्होकॅडो देऊ नये. मूठभर दाणे टाकणे ठीक. खाद्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक वरखाऊ झाल्यास प्रथिने कमी पडून अंडी घटतात.

अंडी : बहुतेक जाती १८ ते २२ आठवड्यांच्या वयात अंडी सुरू करतात. अंड्यांचे चक्र प्रकाशावर अवलंबून असून १४ ते १६ तासांचा दिवस पुरेसा ठरतो. दिवस लहान होऊ लागले, की पिसे झडतात व अंडी थांबतात. हा रोग नव्हे. रानकोंबडी ठराविक हंगामातच अंडी देते. पाळीव कोंबडीत हे बंधन सैल होण्याशी टीएसएचआर या जनुकाचा संबंध असावा. प्राचीन हाडांवरील अभ्यासानुसार त्याचे आजचे रूप यूरोपात सु. एक हजार वर्षांपूर्वीपासून झपाट्याने पसरले असावे. खुडूक बसलेली कोंबडी अंडी उबविण्यासाठी नको असल्यास तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवतात. पोटाखाली वारा खेळला, की खुडूकपणा उतरतो.

रोग : मानमोडी (राणीखेत, न्यूकॅसल) हा विषाणुजन्य असून त्यावर औषध नाही, लस हाच उपाय. मारेक रोगाची लस अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून ती दिलेलीच पिल्ले घ्यावीत. इतर लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. रक्ती हगवण आयमेरिया या आदिजीवांमुळे होते व मुख्यतः ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांत आढळते. विष्ठेतील अंडपुट (या आदिजीवाची कवचयुक्त अवस्था) उबदार व ओल्या जागी एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होते. त्यामुळे पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी हेच तिचे ठिकाण असते. तिच्यावर ॲम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात. ते थायमिनाची (ब१ जीवनसत्त्वाची) जागा घेऊन काम करत असल्याने त्या काळात ब जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये.

लाल माइट (डर्मॅनिसस गॅलिनी) हे बारीक परजीवी दिवसा दांडीच्या फटींत लपतात व रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासून ते सापडत नाहीत; अंधारात दांडीच्या खालच्या बाजूस पांढरा कागद फिरवून पाहावा.

नव्या कोंबड्या ३० दिवस वेगळ्या ठेवाव्यात व नंतर काही दिवस जाळीआडून दिसू द्याव्यात. टोचण्याच्या क्रमाने ठरणारी कळपातील उतरंड नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थोरलेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी वर्णिली. नवा पक्षी आला, की ती पुन्हा ठरते. एकटा पक्षी सोडल्यास सर्व टोचण्या त्याच्यावर येतात, म्हणून दोन तरी एकदम सोडावेत. रक्त दिसताच जखमी पक्षी वेगळा करावा.

कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. अनेक पक्षी एकाएकी मेल्यास शवे उघडू नयेत व पशुवैद्यकीय यंत्रणेस कळवावे.

अंड्यांचे प्रमाण पहिल्या वर्षी सर्वाधिक असते आणि पुढे दरवर्षी घटते. कोंबडी मात्र नीट सांभाळल्यास ६ ते ८ वर्षे जगते. म्हाताऱ्या कोंबड्यांचे काय करायचे, हे कळप आणण्यापूर्वीच ठरविणे इष्ट होय.