काहोरा बासा–अपोलो एकदिश विद्युत्‌वाहिनी

मोझँबीकच्या टेटे प्रांतातील झँबीझी नदीवरच्या काहोरा बासा (जुने लेखन काबोरा बासा) जलविद्युत् केंद्राची वीज दक्षिण आफ्रिकेच्या जोहॅनिसबर्ग–प्रिटोरिया औद्योगिक पट्ट्यात नेणारी उच्चदाब एकदिश (डीसी, एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची) वाहिनी. धरणाजवळचे सोंगो आणि या दोन शहरांच्या दरम्यान असलेले अपोलो ही तिची दोन परिवर्तक केंद्रे (प्रत्यावर्ती म्हणजे एसी आणि एकदिश प्रवाह एकमेकांत बदलणारी). लांबी सु. १,४२० किमी. (संकलनागणिक आकडा थोडा बदलतो), त्यापैकी सु. ९०० किमी. मोझँबीकमध्ये. दाब ±५३३ किलोव्होल्ट, प्रवाह १,८०० अँपिअर, क्षमता १,९२० मेगावॉट. १९७७ ते १९७९ या काळात ती टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झाली.

मोझँबीक तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती; पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील करार सप्टेंबर १९६९ मध्ये झाला. बांधकाम झामको या कंपन्यांच्या संघाकडे होते. परिवर्तक केंद्रांची सामग्री एईजी, ब्राउन बोव्हेरी आणि सीमेन्स यांनी पुरवली. स्वीडनची आसिया ही कंपनी, एकदिश प्रेषणात त्या वेळी सर्वांत अनुभवी असूनही, राजकीय विरोधामुळे १९६९ मध्येच बाहेर पडली. धरण दुहेरी वक्रतेचे काँक्रीट कमानी धरण असून उंची १७१ मी. आहे. दक्षिण काठावरील भूमिगत वीजगृहात प्रत्येकी ४१५ मेगावॉटची पाच जनित्रे आहेत. पाणी डिसेंबर १९७४ मध्ये अडवण्यात आले आणि जून १९७५ मध्ये मोझँबीक स्वतंत्र झाला. जलाशय फार घाईने भरल्यामुळे खालच्या अंगाच्या पूरमैदानांची व त्रिभुज प्रदेशाची हानी झाली, असे पर्यावरणतज्ञांचे मत आहे.

एकदिश पद्धत निवडण्याचे कारण अंतरात आहे. ५० हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची तरंगलांबी सु. ६,००० किमी. असते, १,४२० किमी. म्हणजे जवळजवळ पाव तरंगलांबी. अशा वाहिनीचे दूरचे टोक मोकळे राहिल्यास तेथील दाब, ऱ्हास न धरता केलेल्या हिशेबाने, पुरवठ्याच्या टोकाच्या बारा पटींजवळ जातो. तो आवरायला वाटेत ठिकठिकाणी रिॲक्टर (दाब उतरवणारी वेटोळी) आणि मालिका धारित्रे बसवावी लागली असती, म्हणजे वस्ती विरळ असलेल्या प्रदेशात अनेक मधली उपकेंद्रे आली असती. शिवाय ४०० किलोव्होल्टची एक प्रत्यावर्ती वाहिनी नैसर्गिक भाराला (दाब न बदलता वाहिनी सहज पेलते तो भार) ५०० ते ६०० मेगावॉटच वाहते. एवढ्या शक्तीला तीन-चार समांतर वाहिन्या लागल्या असत्या. एकदिश प्रवाहात तरंगलांबीचा प्रश्नच उरत नाही, दोन्ही टोकांच्या जनित्रांना एका लयीत फिरावे लागत नाही आणि मधले उपकेंद्रही लागत नाही. मात्र वाटेतल्या गावांना या वाहिनीतून वीज काढून देता येत नाही. परिवर्तक केंद्राचा खर्च एवढा असतो, की छोट्या भारासाठी ते कोणी उभारत नाही.

सोंगो येथे २२० किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा आठ सहा-स्पंदी सेतूंना (प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणाऱ्या सहा-सहा व्हॉल्व्हच्या जोडण्यांना) दिला जातो; चार सेतू धन ध्रुवाचे, चार ऋण ध्रुवाचे. प्रत्येक सेतू १३३ किलोव्होल्टचा व २४० मेगावॉटचा असून एका ध्रुवाचे चारही सेतू मालिकेत जोडले आहेत. एखादा सेतू नादुरुस्त झाल्यास उपमार्ग खटका बंद करून त्याला वगळता येते आणि तो ध्रुव तीन-चतुर्थांश दाबावर चालू राहतो. सेतूंच्या जोडीपैकी एकाचे रोहित्र तारा–तारा आणि दुसऱ्याचे तारा–डेल्टा (वेटोळ्यांची वेगळी जोडणी) ठेवले, की पाचवी व सातवी हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पाचपट व सातपट वारंवारतेच्या नकोशा लहरी) एकमेकांना मारतात. अकरावी, तेरावी आणि त्यापुढची उरतात, ती फिल्टरनी शोषली जातात. एक सेतू वगळल्यावर मात्र त्याची जोडी एकटी पडते आणि पाचवी-सातवी पुन्हा डोके वर काढतात. म्हणून त्यांच्यासाठीही फिल्टर ठेवणे भाग पडते. परिवर्तक अशा पद्धतीने चालले, की जितकी शक्ती नेतात तिच्या निम्म्याहून थोडी अधिक रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता मागे-पुढे फिरणारी शक्ती) खातात. ती फिल्टरमधील धारित्रे आणि यंत्रे मिळून पुरवतात.

सेतूंमधले व्हॉल्व्ह (प्रवाह ठरावीक क्षणी एकाच दिशेने जाऊ देणारे खटके) थायरिस्टर या अर्धसंवाहक घटकांचे, उघड्यावर बसवलेले आणि तेलाच्या टाकीत बुडवलेले होते. निरोधन आणि शीतन दोन्ही तेलानेच. इमारतीचा खर्च वाचतो, धूळ-पावसाची धास्ती राहत नाही. पण एक थायरिस्टर बदलायचा तरी टाकी उघडावी लागते आणि आगीचा धोका कायमचा. पुढच्या बहुतेक योजनांनी हवानिरोधित, पाण्याने थंड होणारे व्हॉल्व्ह बंदिस्त दालनात बसवणे पसंत केले. अपोलो येथील तेलाचे व्हॉल्व्हही २००८ च्या सुमारास काढून हवानिरोधित व्हॉल्व्ह बसवण्यात आले.

‘थायरिस्टरवर चालणारी जगातील पहिली एकदिश योजना’ हे बिरुद या वाहिनीला अनेक ठिकाणी लावलेले आढळते. ते तपासून घ्यावे लागते. थायरिस्टर व्हॉल्व्हसह मागणी नोंदवलेली पहिली मोठी योजना म्हणून तिचा दावा बळकट आहे. पण काम लांबल्याने चालू होण्यात ती मागे पडली. स्वीडनच्या गॉटलंड योजनेत (१९५४) १९७० मध्ये पाराचाप (पाऱ्याच्या बाष्पातील चापावर चालणाऱ्या जुन्या) व्हॉल्व्हच्या जोडीला थायरिस्टरचा गट आला. कॅनडातील ईल रिव्हर हे पूर्णतः थायरिस्टरचे, पण वाहिनी नसलेले पाठीला-पाठ केंद्र (दोन्ही परिवर्तक एकाच जागी) १९७२ मध्ये सुरू झाले. डेन्मार्क–नॉर्वेची स्कागेराक योजनाही काहोरा बासाच्या किंचित आधीची. अमेरिकेची पॅसिफिक (१९७०) आणि कॅनडाची नेल्सन नदी (१९७२) या लांब जलविद्युत् वाहिन्या आरंभी पाराचाप व्हॉल्व्हवरच होत्या. तेव्हा ‘हजार किलोमीटरपेक्षा लांब हवाई वाहिनीवर थायरिस्टरचा पहिला वापर’ एवढा मर्यादित दावा ग्राह्य मानणे अधिक योग्य वाटते. ±५३३ किलोव्होल्ट हा दाब ब्राझीलच्या इताइपू योजनेचा ±६०० किलोव्होल्ट येईपर्यंत उच्चांक होता, लांबीचा मान १९८२ मध्ये झाईरेच्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) इंगा–शाबा वाहिनीकडे (सु. १,७०० किमी.) गेला.

दोन ध्रुव एकाच मनोऱ्यावर न नेता, एकमेकांपासून साधारण एक किलोमीटर अंतरावरच्या दोन स्वतंत्र मनोरारांगांवर नेले आहेत. मनोरे एकूण सु. ७,०००, सरासरी गाळा सु. ४२६ मी.; प्रत्येक ध्रुवाला ५६५ चौ. मिमी.च्या चार पोलाद-गाभ्याच्या ॲल्युमिनियम संवाहकांचा जुडगा. या छेदावरून ढोबळ हिशेब केला, तर पूर्ण भाराला ध्रुवामागे सु. ३२ किलोव्होल्ट दाब वाटेत गळतो, म्हणजे तारांतील ऱ्हास सहा टक्क्यांच्या आसपास येतो. एक रांग पडली, तर दुसरा ध्रुव दोन्ही टोकांच्या अर्थ इलेक्ट्रोडमधून जमिनीवाटे परतीचा प्रवाह घेऊन निम्मी शक्ती नेऊ शकतो. इलेक्ट्रोडभोवतीची माती कोरडी पडल्यास तिचा रोध वाढतो, ती आणखी तापते व आणखी सुकते. जवळच्या पुरलेल्या नळांना गंज लागतो, आणि रोहित्रांच्या न्यूट्रलमधून एकदिश प्रवाह शिरून गाभा संपृक्त होतो (त्याची चुंबकीय क्षमता संपते).

वीज पडणे किंवा तारांखालच्या गवताचा वणवा यांनी ध्रुवावर ठिणगीचाप बसला, तर खटका उघडून तो तोडता येत नाही, कारण एकदिश प्रवाह शून्यातून जातच नाही. सोंगोचे नियंत्रण व्हॉल्व्हचा प्रज्वलनकोन (व्हॉल्व्ह चालू करण्याचा क्षण) नेहमीच्या १५ अंशांच्या आसपासून ९० अंशांपलीकडे ढकलते. एकदिशकारक क्षणभर प्रतिदिशकारक (एकदिशाचे प्रत्यावर्ती करणारा) होतो, वाहिनीतील ऊर्जा मागे ओढली जाते, प्रवाह शून्यावर येतो. चापाच्या जागची हवा थंड व्हायला सेकंदाचा काही अंश थांबून दाब पुन्हा चढवतात. दोन-तीनदा जमले नाही, तर कमी दाबावर प्रयत्न करतात किंवा ध्रुव बंद करतात. अपोलोच्या टोकाला दुखणे वेगळे आहे. तेथे बंद झालेल्या व्हॉल्व्हला निरोधक्षमता परत मिळवण्यासाठी साधारण १८ अंश, म्हणजे सु. एक मिलिसेकंद, मिळतो. स्थानिक जालात लघुपरिपथ होऊन दाब खचला, की हा अवधी आटतो, व्हॉल्व्ह पुन्हा पेटतो आणि दिक्परिवर्तन (प्रवाह एका व्हॉल्व्हवरून दुसऱ्यावर जाणे) फसते. दोष वाहिनीत शोधू नये. तो बहुधा अपोलोच्या प्रत्यावर्ती बाजूला सापडतो.

दोन्ही ध्रुव एकदम बंद झाले, तर सोंगोची जनित्रे फिल्टरच्या धारित्रांसह एकटी उरतात. दाब आणि वेग दोन्ही उसळतात. पाण्याचा लोंढा झडपा मिटवून तत्काळ रोखता येत नाही, जलदाब-आघाताची भीती असते. फिल्टर झटपट काढले नाहीत, तर जनित्र स्वयंउत्तेजित होते (धारित्रांमुळे त्याचा दाब आपोआप चढत जातो). १९९० च्या दशकात सोंगोहून झिंबाब्वेकडे प्रत्यावर्ती वाहिनी जोडल्यावर आणि झिंबाब्वे बोट्स्वानामार्गे दक्षिण आफ्रिकेशी जोडले गेल्यावर बलवान एकदिश मार्गाला समांतर असा दुबळा प्रत्यावर्ती मार्ग तयार झाला. एकदिश शक्ती घसरली, की ती सारी या दुबळ्या मार्गावर जाऊन हेलकावे सुरू होत. त्यांना आवर घालण्यासाठी सोंगो येथे ‘ग्रिड मास्टर पॉवर कंट्रोलर’ ही नियंत्रण प्रणाली बसवण्यात आली.

यंत्रांपेक्षा मार्गानेच या योजनेला अधिक रडवले. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून रेनामो या सरकारविरोधी बंडखोर संघटनेने मनोरे उडवायला सुरुवात केली. एक किलोमीटरचे अंतर वादळाला पुरेसे होते, सुरुंगाला नव्हे. मार्च १९८४ च्या मोझँबीक–दक्षिण आफ्रिका न्कोमाती करारानंतरही पुरवठा पूर्ववत झाला नाही. सु. १,९०० मनोरे नष्ट झाले. ऑक्टोबर १९९२ मध्ये रोम येथे शांतता करार झाला. आधी सुरुंग काढून मगच दुरुस्ती करता आली आणि वाहिनी १९९७ च्या अखेरीस पूर्ववत झाली. पुढे विजेच्या दरावरून वाद झाले. जानेवारी २०१३ मध्ये लिंपोपोच्या पुराने आणि मार्च २०१९ मध्ये इडाय चक्रीवादळाच्या काळात मनोरे कोसळून पुरवठा घटला.

केंद्र चालवणाऱ्या हिद्रोएलेक्ट्रिका दे काहोरा बासा या कंपनीचा बहुतांश वाटा पोर्तुगालकडे होता. नोव्हेंबर २००७ मध्ये मोझँबीकने ८५ टक्के मालकी घेतली. महाराष्ट्रातील चंद्रपूर–पडघे वाहिनी (±५०० किलोव्होल्ट, १,५०० मेगावॉट, सु. ७५० किमी.) तंत्राने याच कुळातली आहे, मात्र तिची वीज औष्णिक. काहोरा बासाची वीज अपोलोला पोचून दक्षिण आफ्रिकेच्या जालात मिसळते. टेटेहून राजधानी मापूतोपर्यंत थेट वाहिनी नसल्याने मोझँबीकच्या दक्षिण भागाला लागणारी बरीच वीज त्याच जालातून ४०० किलोव्होल्टच्या प्रत्यावर्ती वाहिन्यांनी सीमा ओलांडून परत येते. मापूतोजवळचा मोझाल ॲल्युमिनियम कारखाना दीर्घकाळ तिचा सर्वांत मोठा ग्राहक होता.